देवाला पाहून जिवंत राहिलेले

निर्गमच्या तेहतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सांगतं की परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे, मित्र मित्राशी बोलतो तसा. त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनात तोच परमेश्वर त्याच मोशेला बजावतो की माझं मुख तुला पाहता यायचं नाही, कारण मला पाहून माणूस जगत नाही. दोहोंच्या मधे फक्त आठ वचनं आहेत. लिहिणारा विसराळू होता म्हणावं, तर इतक्या लवकर कोणी विसरत नाही.

बायबलातल्या विसंगतींची यादी करणारे हा मुद्दा नेहमी वरच्या बाजूला ठेवतात, आणि तो तिथे ठेवण्याजोगा आहेही. अब्राहामाकडे मम्रेच्या झाडांपाशी भर उन्हात तीन पाहुणे येतात, आणि गोष्ट पुढे सरकते तसं कळतं की परमेश्वरच दारी आला आहे. याकोब यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबी घेतो आणि उजाडल्यावर त्या जागेला पनीएल म्हणतो, कारण आपण देवाचं तोंड पाहिलं अशी त्याची खात्री झालेली असते. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशयाला मंदिरात उंच सिंहासनावर प्रभू दिसतो. मीखाया संदेष्टा राजाला तोंडावर सांगतो की मी परमेश्वराला दरबार भरवून बसलेला पाहिलं. ईयोब शेवटी कबूल करतो की आजवर ऐकीव होतं ते आता डोळ्यांना दिसलं. उलट बाजूला नव्या करारात योहानाचं शुभवर्तमान पहिल्याच अध्यायात सांगतं की देवाला आजवर कोणीही पाहिलेलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात तेच पुन्हा येतं. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आणखी पुढे जातं. देव अशा प्रकाशात राहतो की तिथे कोणी पोचूच शकत नाही, म्हणजे पाहिलेलं नाही एवढंच नव्हे, पाहताच येत नाही.

यावरची तयार उत्तरं प्रवचनांत वारंवार ऐकू येतात. दिसला तो देवदूत होता. दिसलं ते स्वप्न होतं. देवाचं स्वरूप अदृश्य आहे, दिसली ती त्याची प्रभा. दिसला तो पिता नव्हे, पुत्र. यातलं प्रत्येक उत्तर काही वचनांना बसतं आणि उरलेल्यांना बसवायला ओढाताण करावी लागते. गिदोनाच्या गोष्टीत देवदूत आहेच; यशयाच्या दर्शनात तो शोधून सापडत नाही. स्वप्न म्हणावं तर गणनाच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर स्वतःच फरक करतो: इतर संदेष्ट्यांना मी स्वप्नात भेटतो, मोशेशी मात्र उघड बोलतो आणि तो माझी आकृती पाहतो.

या प्रश्नाचा आढावा घेताना मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती यादी करणाऱ्यांच्या हातून बहुधा निसटते. देव दिसल्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तो दिसत नसतो हा नियम पक्का ठाऊक आहे. किंबहुना तो ठाऊक आहे म्हणूनच त्या गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. पनीएलला याकोबाला नवल वाटतं ते आपण पाहिलं याचं नव्हे, पाहूनही जीव वाचला याचं. गिदोन हाय खातो आणि त्याला लगोलग सांगावं लागतं की भिऊ नकोस, तू मरणार नाहीस. यशया आपला सर्वनाश झाला म्हणून ओरडतो, मग वेदीवरचा जळता निखारा त्याच्या ओठांना लावावा लागतो. होरेब डोंगरावर एलीया अंगावरच्या झग्याने तोंड झाकून घेतो आणि मगच गुहेच्या तोंडाशी येतो.

शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातलं जोडपं तर मला या सगळ्यांत जास्त आवडतं. शमशोनाचा बाप मानोहा आणि त्याची बायको. बायकोचं नाव पुस्तकाने नोंदवलेलं नाही. वेदीच्या ज्वाळेतून देवदूत वर गेलेला दिसताच मानोहा म्हणतो, आता आपण नक्की मरणार, आपण देवाला पाहिलं. बायको शांतपणे हिशेब मांडते: आपल्याला मारायचंच असतं तर त्याने आपलं अर्पण कशाला घेतलं असतं, मुलाबद्दल एवढं सगळं कशाला सांगितलं असतं? धर्मशास्त्राची मोठमोठी पुस्तकं पालथी घातली तरी या बाईइतका नेमका युक्तिवाद क्वचित सापडतो. ती नियम नाकारत नाही. नियम आहे, आणि आपण त्यातून सोडले गेलो आहोत, हे ती पुराव्याने दाखवते.

दुसरं म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांनी काय पाहिलं, ते नीट वाचावं. यशया सिंहासन सांगतो, झग्याचा घोळ सांगतो, सहा पंखांचे सराफीम सांगतो. चेहऱ्याबद्दल चकार शब्द नाही. यहेज्केल शेवटी जे पाहिल्याचं लिहितो ते परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिमेचं दिसणं, म्हणजे मधे तीन पडदे. मोशेला खडकाच्या कपारीत उभं करून वरून हाताने झाकलं जातं आणि पुढे गेलेल्याची पाठ तेवढी दाखवली जाते. डोळे उघडे असतात, पण नजर दर वेळी मुखाच्या अलीकडे कुठे तरी थांबते.

ही अलीकडे थांबणारी नजर आपल्याकडे कशी वाचली जाईल? उदाहरणादाखल डाळजचा पट्टा घ्या. डाळज एक, दोन, तीन ही गावं पुणे-सोलापूर रस्त्यालगत, उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला आहेत. तुकोबांची पालखी इथून जात नाही. ती बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. पण या पट्ट्यातल्या कोणत्याही घरात देव पाहणं ही धास्तीची गोष्ट नाही. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला वेळ कमी, तो मुख पाहून परततो. सिनायच्या डोंगरावर जी गोष्ट मोशेलाही नाकारली गेली, ती चंद्रभागेच्या काठी घाईतल्या माणसाची सोय आहे. म्हणून मराठी वाचकाला बायबलातला हा पेच मुळात देव दिसतो की नाही असा पडत नाही. त्याला पडतो तो असा: दिसला तर मरायचं कशाला?

आपल्या परंपरेतही धास्तीची जागा आहे, ती गीतेच्या अकराव्या अध्यायात. अर्जुनाला विश्वरूप बघायला दिव्य दृष्टी द्यावी लागते, आणि बघितल्यावर तो थरथर कापत नेहमीचं रूप परत मागतो. यशयाचा हा सर्वांत जवळचा शेजारी. आणि नामदेवांची गोष्ट आहे. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचं जेवतो, तरी संतमेळ्यात गोरोबाकाका थापटणं मारून त्यांना कच्चं मडकं ठरवतात, आणि रोज देव पाहणारा हा माणूस विसोबा खेचरांकडे शिकायला जातो. पाहणं पुरेसं नसतं, हे वारकऱ्यांनीही ओळखलं होतं. त्यांनी त्याची शिक्षा मात्र मरण ठेवली नाही.

याच रस्त्याने डाळजकडून पुण्याकडे निघालं की भिगवण, कुरकुंभ, पाटस, वरवंड मागे टाकत चौफुला लागतो. तिथून उजवीकडे वळलं की केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. देवाला पाहण्याचा प्रश्न मराठीत कोणी अंगावर घेतला असेल तर तो रमाबाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन वर्षानुवर्षं तीर्थांमागून तीर्थं पायी करत, पुराण सांगत फिरले. आई-वडील १८७४ च्या सुमारास उपासमारीत गेले. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या कहाणीत रमाबाईंनी एका पवित्र तळ्यातल्या तरंगत्या डोंगरांची हकीकत दिली आहे: भाविकाचं पाप नसेल तर डोंगर त्याच्याकडे सरकतात अशी ख्याती, आणि भावाने जाऊन बघितलं तर ते चिखल-मातीने झाकलेले तराफे, मागून माणसं ढकलत होती. दर्शनाची व्यवस्था कशी चालते हे आतून पाहिलेली ही बाई.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या निमूट बसल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका उपस्थित केल्या, आणि त्या करताना चर्चच्या अधिकारापेक्षा बायबलचा आधार मोठा मानला. गालीलात चाललेला, जेवलेला, दमलेला माणूस आणि कोणालाही न दिसणारा देव एकच कसे, ही ओढाताण योहानाच्या पहिल्या अध्यायातच आहे. तो अध्याय कोणी देवाला पाहिलं नाही म्हणतो आणि त्याच दमात पुत्राने त्याला प्रकट केलं म्हणतो. चौदाव्या अध्यायात फिलिप्प पित्याला दाखवा म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर मिळतं की मला पाहिलंस म्हणजे पित्याला पाहिलंस.

मग १९०५. त्या वर्षीच्या जूनअखेर मुक्ती मिशनमध्ये जे पुनरुज्जीवन सुरू झालं त्याच्या हकीकती रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांच्यासारख्यांनी लिहून ठेवल्या. त्यांतली पहिली अशी की पहाटे एका मुलीच्या अंगावर आग उतरलेली दिसली आणि दुसरी मुलगी पाण्याची बादली आणायला धावली; ओतणार तोच लक्षात आलं की हिला काही भाजत नाही. जळूनही भस्म न होणारं झुडूप निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि तिथे मोशे देवाकडे पाहायची भीती वाटून तोंड लपवतो. केडगावच्या आगीचं काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या हकीकतीतली साक्षीदार म्हणून बादलीवाली मुलगी भरवशाची वाटते. तिला देव दिसला नव्हता, मैत्रीण पेटलेली दिसली होती.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि मिशनच्याच छापखान्यात तयार झालेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. म्हणजे झुडपाची आग, यब्बोकची झोंबी, मोशेची कपार आणि योहानाचा नकार, सगळं एकाच बाईच्या हाताखालून, एकाच आवारात गेलं. तिने त्यांतलं कोणतंही वचन दुसऱ्यासाठी गाळलं नाही.

एकोणिसाव्या शतकातले मुंबईतले धर्मवाद मात्र वेगळ्याच चालीचे होते. मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ चा वाद, किंवा १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वाद, यांत समोरच्याच्या ग्रंथातलं वचन पकडून त्याला कोंडीत धरण्याची वकिली जोरात होती. ती वकिली अजून आपल्या अंगातून गेलेली नाही. दोन वचनं शेजारी मांडून जिंकता येतं. ती दोन्ही एकाच पुस्तकात कोणी आणि का राहू दिली, हे त्याने कळत नाही.

राहू का दिली याचं एक उत्तर अनुवादच्या चौथ्या अध्यायात आहे. होरेबला तुम्ही शब्दांचा आवाज ऐकला, आकृती पाहिली नाही. म्हणून कसलीही मूर्ती करू नका. इथे न दिसण्यावरचा जोर मूर्तिबंदीसाठी आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यासमोर प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता, शेजारच्या देवळांचा होता. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी, वेलहाउझेन त्यांत प्रमुख, मोशेची पाच पुस्तकं निरनिराळ्या काळच्या लेखनातून विणली गेली असं मांडलं: एका धाग्यात देव बागेत फिरतो, दुसऱ्यात तो ढगाआडून बोलतो. तेहतिसाव्या अध्यायाचा सांधा यामुळे बराच उलगडतो. समोरासमोर बोलण्याची सवय असलेल्या मोशेला पुढे तेज दाखव अशी विनवणी का करावी लागते, हे कोडं एका लेखकाच्या हातून झालं असं मानलं तर सुटत नाही. पण विणणारा अडाणी नव्हता. त्याने दोन्ही टोकं आठ वचनांच्या अंतरावर ठेवली, आणि मला तरी ते मुद्दामच केलेलं वाटतं.

यहुदी वाचकांनी ही जवळीक पाहिली होती. तालमूदातली एक कथा तर यावरच उभी आहे. मनश्शे राजा यशयावर आरोप ठेवतो: तुझा गुरू मोशे म्हणाला की देवाला पाहून कोणी जगत नाही, आणि तू म्हणतोस मी पाहिलं. विसंगतीची यादी दीड हजार वर्षांपूर्वी तयार होती, आणि तिच्यावर यशयाचा जीव गेला असं ती कथा सांगते. पुढे तालमूद तोडगाही देतो. बाकी संदेष्ट्यांनी धूसर काचेतून पाहिलं, मोशेने स्वच्छ काचेतून. गंमत अशी की स्वच्छ काचेतून पाहणाऱ्यालाच कळलं की पाहता येत नाही. धूसर काचवाल्यांना वाटलं आपण पाहिलं.

ख्रिस्ती गुरूंनी वेगळी वाट धरली, आणि तिथे दोन मोठी उत्तरं एकमेकांवर आदळली. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने त्रिफो नावाच्या यहुद्याशी केलेल्या संवादात ठाम सांगितलं की अब्राहामाला, याकोबाला, मोशेला दिसला तो पिता नव्हेच. तो शब्द, पुढे येशू म्हणून देह घेणारा. उत्तर सुटसुटीत आहे आणि आजही मराठी चर्चमध्ये तेच बहुधा कानी येतं. पण त्याला एक फट होती. पिता अदृश्य आणि पुत्र दृश्य असेल, तर दोघांचं स्वरूप वेगळं ठरतं. चौथ्या शतकात पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्यांना हे हत्यार आयतंच मिळालं. म्हणून ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या ग्रंथात जस्टिनची वाट जवळपास बंद केली: पिता, पुत्र आणि आत्मा तिघेही स्वभावतः अदृश्य, आणि जुन्या करारात दिसलं ते देवाने त्या कामापुरतं वापरलेलं निर्मित रूप किंवा देवदूत. पौलिना नावाच्या बाईला ४१३ च्या सुमारास लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याने हाच विषय पुन्हा घेतला. सिद्धांत वाचला, पण किंमत मोजावी लागली. याकोबाने झोंबी घेतली ती मग कोणाशी? जस्टिनच्या उत्तरात निदान त्या रात्रीचा घाम खरा राहतो.

पूर्वेकडच्या चर्चने चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासच्या मागे जाऊन तिसरं उत्तर स्वीकारलं: देवाचं सार कधीच दिसत नाही, त्याच्या शक्ती दिसतात, आणि त्या शक्तीही देवच आहेत. मला हे तिन्हींत सर्वांत चतुर वाटतं, म्हणूनच थोडा संशयही येतो.

आता माझ्या मांडणीला न जुमानणारा उतारा. निर्गमचा चोविसावा अध्याय. मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि इस्राएलातले सत्तर वडील डोंगरावर जातात, इस्राएलच्या देवाला पाहतात, त्याच्या पायांखाली नीलमण्यासारखी फरसबंदी असते. तो त्यांच्यावर हात टाकत नाही. ते त्याला पाहतात, आणि खातात-पितात. कोणी ओरडत नाही, तोंड लपवत नाही. नजर इथेही पायांखालच्या फरशीवर जाते खरी, आणि हात टाकला नाही असं सांगावंसं वाटतं म्हणजे टाकला जाईल ही अपेक्षा आहेच. तरी भीतीची जागा जेवणाने घेतली आहे, आणि असं दुसरीकडे क्वचितच दिसतं. बहुधा हा फार जुना कराराच्या भोजनाचा प्रसंग असावा, नियम कडक होण्याच्या आधीचा.

नंतरच्या वाचकांना ही पंगत सोसली नाही. ग्रीक भाषांतरकारांनी देवाला पाहिलं याऐवजी देव उभा होता ती जागा पाहिली असं केलं. अरामी भाषांतर करणाऱ्या ओंकेलोसने देवाचं तेज पाहिलं असं लिहिलं आणि जेवणही काढून टाकलं: अर्पणं स्वीकारली गेली म्हणून ते असे आनंदले, जणू जेवत आहेत. बाराव्या शतकात यहुदी पंडित मायमोनिदिसने वडिलांनाच दोष दिला, की त्यांची समज कच्ची होती, घाई झाली होती, म्हणूनच पाहण्याला जेवण जोडलं गेलं. त्याच्या आधी राशी या यहुदी भाष्यकाराने आणखी सरळ हिशेब केला होता: ते तेव्हाच मरणाला पात्र झाले होते, पण नियमशास्त्र मिळण्याच्या दिवशी आनंदाचा बेरंग नको म्हणून देव थांबला, आणि नादाब-अबीहूंची वसुली पुढे निवासमंडपाच्या वेळी झाली. लेवीयच्या दहाव्या अध्यायात ते दोघे आगीने मरतात, त्याचा हा जोड. नियम मोडला गेला हे कबूल करण्यापेक्षा शिक्षेला उशीर झाला म्हणणं राशीला सोपं वाटलं.

उरला शेवटचा भाग, मेल्यानंतरचा. डोंगरावरच्या प्रवचनात शुद्ध अंतःकरणाच्या लोकांना देवाला पाहण्याचं आश्वासन आहे, आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात सेवक त्याचं मुख पाहतील असं आहे. म्हणजे मोशेला नाकारलेलं मुख अखेर मिळतं. पण केव्हा? पोप बाविसावा जॉन याने १३३१ पासूनच्या प्रवचनांत मांडलं की मेलेल्या संतांना शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. त्यावरून युरोपभर काहूर माजलं, पॅरिसच्या पंडितांनी त्याला विरोध केला. त्याच्यानंतर आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने १३३६ मध्ये उलट निर्णय दिला, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना ताबडतोब दर्शन होतं, आणि कॅथलिक चर्चची शिकवण आजही तीच आहे. स्वतः जॉनने आपलं मत ३ डिसेंबर १३३४ ला मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी तो वारला, आणि न्याय कोणाच्या बाजूने लागला हे त्याला बेनेडिक्टच्या निर्णयाच्या वर्षभर आधीच समजलं असणार.